चार बाय सातची मोरी

माझं म्हणणं कुणी खरं धरलं नाही. नवऱ्यानं नाही, पोरानं नाही, मिस्त्रीनं तर नाहीच. आता जे सांगणार आहे तेही तुम्ही खरं धरणार नाही, कारण चार फूट रुंद आणि सात फूट लांब मोरीवर घरची माणसं दोन महिने भांडतात म्हटलं की ऐकणाऱ्याला थाप वाटते. पण घरात लग्न निघालं की किस्से साठतात ना, तसे मोरी फोडायला काढली की साठतात. लग्नातले पाहुणे निदान चार दिवसांनी आपापल्या घरी जातात. इथं सगळे घरचेच, जायचं कुठं?

आधी घर सांगते. मखमलाबाद रोडला आतल्या गल्लीत आमचं बैठं घर. माणसं चार. मी एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते. आमचे हे सातपूरला कंपनीत फिटर. मुलगा पंकज, डिप्लोमा झालेला, अंबडला नोकरीला. आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. मागच्या बाजूला मोरी, तिला लागून उकिडवं बसायचा जुना संडास, आणि दोन्हींच्या मध्ये एक भिंत.

दोन वर्षांपूर्वी आत्या त्या मोरीत पडल्या. हाड वाचलं, पण धीर मोडला. एक गुडघा वाकायचा बंद झाला. तेव्हापासून त्यांना धरून नेणं, धरून आणणं, आंघोळ घालणं सगळं माझ्याकडे. मी दुपारी मेसला असले की शेजारची शोभा डोकावून जायची. मला त्याचं काही नव्हतं. पण त्यांना होतं. त्यांनी काय केलं, पाणी प्यायचं सोडलं. दिवसाला दोन कप चहा आणि गोळीपुरता घोट. का, तर सारखं "लता, लता" करायला नको. लता म्हणजे मी. मग लघवीची जळजळ सुरू झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी झापलं मला, "आजींना पाणी देत नाही का घरात?"

त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्यांना बसवून सांगितलं. मधली भिंत पाडायची. कमोड बसवायचा. आत्या एकट्या आत गेल्या पाहिजेत आणि एकट्या बाहेर आल्या पाहिजेत. बाकी तुम्हाला काय वाटेल ते करा.

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. सगळ्यांनी तेवढंच ऐकलं.

*

पहिला नंबर पंकजचा. त्यानं मोबाईलवर नकाशा काढला. बोटानं फिरवला की मोरी गोल फिरायची. काचेची भिंत, छतातून पाणी सोडणारा शॉवर, भिंतीत लपवलेले दिवे, कोपऱ्यात कुंडी, कुंडीत झाड.

"झाड कशाला रे?"

"लूक येतो, मम्मी."

"आणि आजी कुठंय यात?"

"आजीला कशाला दाखवायचं? प्लॅन आहे हा."

मी मोबाईल हातात घेतला. कमोड मागच्या भिंतीला, त्याच्यासमोर दार, आणि दार आत उघडणारं. मी म्हटलं, हे दार बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर येणार. तो म्हणाला, नाही येत, सगळं बसतंय, बसलं नसतं तर ॲपनं लाल रंग दाखवला असता.

"तू कमोड मोजलास. कमोडवरचं माणूस मोजलंस का?"

ह्यांनी चष्मा लावून लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि निकाल दिला, "चौथी शिकलेल्या बाईनं डिप्लोमावाल्याला शिकवू नये."

मी म्हटलं, चौथीत आम्हाला भूमिती नव्हती, पण गुडघे होते.

*

तोंडानं सांगून कळत नसेल तर दाखवावं लागतं. रविवारी सकाळी मी पुढचं अंगण धुतलं, शिवणाचा टेप घेतला, रांगोळीचा डबा घेतला आणि अख्खी मोरी खरोखरीच्या मापानं अंगणात काढली. चार फूट, सात फूट, भिंतीची जाडी सोडून. कमोडच्या जागी प्लास्टिकची खुर्ची. बेसिनच्या जागी स्टुलावर परात. आंघोळीच्या जागी पाट आणि बादली. जुन्या कॉटची प्लायची फळी होती, ती दाराच्या मापाची कापली आणि शोभाला उंबऱ्यावर उभं केलं. म्हटलं, तू दार.

शोभाला असलं काही सांगितलं की ती कधी का म्हणून विचारत नाही. म्हणून तर आमचं वीस वर्षं जमतंय.

तेवढ्यात हे भाजी घेऊन आले आणि सरळ पाटावरून चालत घरात निघाले.

"भिंतीतून आलात," मी म्हटलं. "मागं जा. दारातून या."

गेले बिचारे. दारातून आले. खुर्चीवर बसवलं. बसले की माणसाला हातात काहीतरी लागतंच, म्हणून पेपर दिला. गल्लीतून एक आजोबा देवाला फुलं घेऊन चालले होते. त्यांनी रांगोळीची चौकट बघितली, चौकटीत बसलेले हे बघितले, पाट बघितला, चपला काढून लांबूनच हात जोडले.

"कसली पूजा मांडली?"

ह्यांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "संडासची."

आजोबा चपला हातात घेऊनच पुढे गेले.

मग मी शोभाला म्हटलं, आता उघड. शोभानं फळी आत ढकलली, ती खाडकन ह्यांच्या गुडघ्यावर. पेपर एकीकडे, हे एकीकडे. मी म्हटलं, बघा, आता पटलं? गुडघा चोळत मला म्हणतात कसे, "रांगोळीत लागतं. खऱ्यात नाही लागणार."

*

मोरीची बातमी निफाडला कशी पोचली देव जाणे. आमच्या नणंदबाईंचे मालक तिथं द्राक्षाची बाग करतात. माणूस चांगला, पण वर्षभरापूर्वी त्यांनी मोबाईलमध्ये होकायंत्र घेतलं आणि तेव्हापासून ते कुणाच्याही घरी सरळ चालत येत नाहीत, फिरत फिरत येतात. आल्या आल्या पाणीसुद्धा घेतलं नाही. मोबाईल आडवा धरून मोरीत गेले, पडवीत गेले, स्वयंपाकघरात आले, आणि माझ्या गॅसच्या शेगडीसमोर उभे राहिले.

"वहिनी, कमोड इथं आला पाहिजे."

मला वाटलं गंमत करतात. गंमत नव्हती. घराची वायव्य बाजू तिथं येते आणि कमोडला वायव्यच लागते म्हणे. मी विचारलं, मग भाकरी कुठं थापू, संडासात? तर ते म्हणाले की थोडी ॲडजस्टमेंट करावी लागेल.

हे मात्र विचारात पडले. बहिणीच्या नवऱ्याचा शब्द मोडायचा म्हणजे ह्यांच्या जिवावर येतं.

कॉटवरून आत्यांनी विचारलं, "पाव्हणं, ही वायव्य म्हंजी काय असतंय?"

"वाऱ्याची दिशा, मामी. वायूची."

"मग बराबर हाय तुमचं," आत्या म्हणाल्या. "आम्ही बी वावरात बसायचो तवा आधी वाराच बघायचो. पर चुलीपाशी नव्हतो बसत."

पाहुण्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि पाणी मागितलं.

*

ह्यांचा हट्ट वेगळाच. तांब्याचा बंब. ह्यांच्या आजोबांच्या वेळचा, पोटाला मोठा, लाकडं घालून पाणी तापवायचा. आमच्याकडे आता गॅसचा गीझर आहे, पण हे रविवारी बंब पेटवतात, धूर करतात, आणि दोन तास आंघोळ करतात. तर तो बंब नव्या मोरीत आतच हवा.

मी अंगणातल्या रांगोळीत नेऊन ठेवला बंब. पाटाची जागा संपली. मी विचारलं, आता आत्यांनी कुठं बसायचं, बंबावर?

ह्यांनी आवाज चढवला, "एक तर बंब राहील, नाहीतर मी राहीन."

मी म्हटलं, "बंब पाणी तरी तापवतो."

बंब आता मागच्या अंगणात आहे. रविवारी हेही तिथंच असतात. दोघांचं बरं चाललंय.

*

खरेदीला मी आत्यांना घेऊन गेले. सगळे म्हणाले, म्हातारीला कशाला रिक्षात हलवतेस, फोटो दाखव. मी म्हटलं, फोटोवर बसता येत नाही.

द्वारका चौकाच्या पुढं एक मोठं दुकान आहे. आत सगळं चकचकीत, टाय लावलेला मुलगा पुढं आला. त्यानं फरशी दाखवायला घेतली. आरशासारखी. म्हणाला, मॅडम, ही सगळ्यात जास्त चालते. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि अर्धी त्या फरशीवर ओतली. म्हटलं, बूट काढ आणि चालून दाखव.

"मॅडम, हा डिस्प्ले आहे."

"म्हणून तर दाखव म्हणते. घरी बसवल्यावर तू थोडाच चालायला येणार आहेस?"

पोरगं भलं होतं, काढले बूट. दोन पावलं चालला आणि तिसऱ्याला त्यानं माझा दंड धरला. ती फरशी बाजूला ठेवली. सातवी फरशी खरखरीत निघाली, रंग शेणासारखा, पण त्यावर तो नाचायला लागला तरी घसरेना. ती घेतली. पंकजनं रंग बघून तोंड वाकडं केलं, ते मी बघितलंच नाही असं केलं.

मग कमोड. तो मुलगा म्हणाला, कुठली रेंज दाखवू? मी म्हटलं, रेंज नको, आम्ही बसून बघतो. एकेका कमोडवर आत्यांना बसवलं. पहिला बुटका, उठवायला मी आणि तो टायवाला दोघं लागलो. दुसऱ्याचं झाकण हललं. तिसऱ्यावर त्या बसल्या आणि लगेच म्हणाल्या, गार लागतंय, नाय पायजे. मी म्हटलं, आत्या, सगळेच गार लागणार. चौथा उंचीला बरा होता. त्यावर बसल्या त्या बसल्याच. पदर नीट केला, पिशवी मांडीवर घेतली, दुकान बघत बसल्या.

एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. पोरीच्या हातावर अजून मेंदी होती. तिला नेमका तोच कमोड बघायचा होता. ती लाजत लाजत उभी राहिली. टायवाला घाईघाईनं पुढं झाला, मी पुढं झाले.

आत्यांनी आम्हा दोघांना हातानं थांबवलं. "बस गं बाई तू. मी उठते."

आणि उठल्या. स्वतःच्या मांड्यांवर हात देऊन, कुणाला न धरता. दोन वर्षांत "मी उठते" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. त्या पोरीला काय कळणार, ती बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "छान आहे ना?"

मी टायवाल्याला म्हटलं, हाच बांध. तिला दुसरा दे.

*

काम काढलं कैलास मिस्त्रीकडे. पेठ तालुक्यातला माणूस, हात चांगला, पण त्याला काहीही विचारलं की एकच उत्तर, "होऊन जाईल." पाण्याचा उतार कुठल्या बाजूला? होऊन जाईल. दार बाहेर उघडणारं पाहिजे. होऊन जाईल. आणि संध्याकाळी बघितलं तर चौकट आत उघडायच्या मापानं आणून ठेवलेली. विचारलं तर म्हणतो, "भाऊंनी सांगितलं."

भाऊ म्हणजे आमचे हे. त्यांचं म्हणणं, दार बाहेर उघडणारं दुकानाचं असतं, घराचं नसतं. लोक हसतील.

मोरी फोडलेली, तेव्हा अकरा दिवस आमचा सगळ्यांचा मुक्काम शोभाच्या बाथरूमवर. तिच्याकडे कमोड आहे. सकाळी आमचे हे खांद्यावर टॉवेल, हातात साबणदाणी, गल्लीतून चालत निघाले की लोक त्यावर घड्याळ लावायचे. आत्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून हे आणि पंकज दोघं उचलून न्यायचे.

एका सुट्टीच्या दिवशी मी मेसवरून आले तर शोभा तिच्या घरात, बाथरूमच्या बाहेर, स्टूल टाकून बसलेली. तोंडाला पदर लावून हसत होती.

"काय झालं गं?"

"तुझे हे आणि आत्या आत आहेत. येत नाहीत बाहेर."

झालं असं की, पंकज घरी नव्हता, म्हणून ह्यांनी एकट्यानं आईला आत धरून नेलं. शोभाचं दार आत उघडतं. हे कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले, दार लावलं, आईला बसवलं, भिंतीकडे तोंड केलं. इथवर ठीक. पण आत्यांचा एक पाय वाकत नाही. तो सरळ पुढं, टाच दाराला टेकलेली. दार उघडायचं तर आत्यांनी पाय घ्यावा. पाय घ्यायचा तर आत्यांनी उठावं. उठवायचं तर ह्यांनी पुढं यावं. आणि ह्यांना पुढं यायला जागा नाही, कारण ती जागा दाराला लागते.

आतून ह्यांचा आवाज, "लता आली का?"

मी म्हटलं, "आली. रांगोळीत लागतं, खऱ्यात नाही लागत, असं कोण म्हणालं होतं?"

आतून आत्यांचा आवाज, "ह्योच म्हनला व्हता. आता भिताडाकडं तोंड करून हुभा हाय."

शेवटी शोभानं दाराखालच्या फटीतून स्क्रू ड्रायव्हर सरकवला. फिटर माणूस, आतून बिजागरीचे स्क्रू काढले, दार उचलून आडवं केलं. अर्धा तास गेला. हे बाहेर आले ते घामानं भिजलेले, आईला खुर्चीत बसवलं आणि चपला न घालता तसेच आमच्या मागच्या पडवीत कैलासकडे गेले. मीही मागोमाग गेले, ऐकायचं होतं मला.

"कैलास, चौकट बदल. दार बाहेर उघडायचं."

"पण भाऊ, तुम्हीच..."

"माझ्या डोक्यात ते पहिल्यापासून होतं," हे म्हणाले.

*

कमोडशेजारी भिंतीला धरायचा दांडा लावायचा होता. कैलास म्हणाला, आम्ही सगळीकडे तीन फुटांवर लावतो. मी म्हटलं, सगळीकडच्या म्हाताऱ्या एकाच उंचीच्या असतात का रे? आत्या जेमतेम साडेचार फूट. वाकल्यावर चार.

मी ताटलीत हळद कालवली. आत्यांना आणून नुसत्या ठेवलेल्या कमोडवर बसवलं, उजवा हात हळदीत बुडवला आणि म्हटलं, आत्या, काही विचार करू नका. उठायचंय असं समजा. हात जिथं जाईल तिथं जाऊ दे.

हात गेला तो कैलासच्या पेन्सिलीच्या खुणेपासून खूप खाली आणि वीतभर पुढं. भिंतीवर पिवळा थापा उठला, नव्या नवरीचा उठतो तसा. मग आंघोळीच्या जागी स्टुलावर बसवलं, तिथं दुसरा थापा. मी कैलासला म्हटलं, हे दोन दांडे. मार ड्रिल.

कैलास ड्रिल हातात घेऊन उभा. मारेना.

"काय झालं?"

"ताई, हळदीच्या हातावर कसं मारू? शुभ असतो थापा. मी नाही मारणार, माझ्या घरी लेकरंबाळं आहेत."

मी समजावलं, ओरडले, दुसरा मिस्त्री आणते म्हटलं. तो ढिम्म. "होऊन जाईल" म्हणणारा माणूस पहिल्यांदा नाही म्हणाला, आणि तेही असल्या गोष्टीला. पुसून टाकू म्हटलं तर पुसूही देईना.

शेवटी आत्या हात धुता धुता म्हणाल्या, "मार रं बाबा. माझाच हात हाय, मला न्हाय दुखायचं."

त्यानं आधी थाप्याला नमस्कार केला, मग ड्रिल लावलं.

*

मोरी झाली. दार बाहेर उघडतं, दांडे हातात येतात, फरशी शेणाच्या रंगाची पण पाय रोवून धरते, आंघोळीला भिंतीला टेकून बसायचं स्टूल, आणि बसल्या बसल्या हातात घ्यायचा शॉवर. सगळं माझ्या मापानं. मी उद्घाटनाला शिरा केला.

आणि त्याच दिवशी ह्यांनी नियम काढला. आई आत गेली की बाहेर कुणीतरी उभं राहायचं. कडी लावायची नाही. आंघोळ पूर्वीसारखी लतानंच घालायची. पुन्हा पडली तर? मी म्हटलं, मग हे सगळं केलं कशासाठी? ते म्हणाले, "आई माझी आहे." माणूस भीतीनं बोलत होता, ते मला दिसत होतं. पण आत्या आत गेल्या की हे दर मिनिटाला बाहेरून, "आई, झालं का? आई, बरी आहेस ना?" आत्या बाहेर यायच्या ते कपाळाला आठ्या घालून. पाण्याचा तांब्या भरलेलाच राहायचा.

आठवडा गेला आणि वेगळंच सुरू झालं. टाकी रिकामी. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येतं, मोटर लावून टाकी भरली की दुसऱ्या सकाळपर्यंत पुरते. वर्षानुवर्षं पुरत आलीय. आता दुपारी चारला हे घरी येऊन नळ सोडायचे तर नुसती हवा. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. ह्यांनी टाकी तपासली, बॉलकॉक बदलला, बंबसुद्धा ठोकून बघितला. मग निदान झालं की नव्या फरशीखाली पाइप गळतोय. कैलासनं शपथा घेतल्या, भिंतीला कान लावला, फरशीला कान लावला. ह्यांनी ठरवलं, शनिवारी संध्याकाळी फरशी फोडायची.

त्या शनिवारी मेसमधला गॅस संपला म्हणून मी दुपारी दीडलाच घरी आले. आत्या कॉटवर नव्हत्या. पडवीत आले तर मोरीचं दार लावलेलं, आतून कडी, आणि शॉवरचा आवाज. मी हाक मारणार, तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं.

"हात वर. मान खाली. डोळं मिटा, साबण जाईल. आता पाठ."

माझंच बोलणं ते. दोन वर्षं मी आंघोळ घालताना जे म्हणत आले, तेच, माझ्याच चिडक्या सुरात. मग हसू. मग पुन्हा पाणी. मग थोडा वेळ नुसतंच पाणी.

मी हाक मारली नाही. दारापासून दोन हातांवर, पायरीवर बसून राहिले. आतला प्रत्येक आवाज कानांनी मोजत होते, खोटं कशाला सांगू. शोभा परसात कपडे वाळत घालत होती, तिनं मला बघितलं आणि कुंपणावरून हळूच सांगितलं, "मला म्हणाल्या होत्या, दुपारी येऊ नकोस, मी झोपते."

पाऊण तासानं शॉवर थांबला. दांडा करकरला. कडी निघाली. मी उठले आणि मागच्या बाजूनं गल्लीत जाऊन, पुन्हा पुढच्या दारानं, चपला आपटत आले. आत्या कॉटवर झोपलेल्या. पदर डोक्यावरून घट्ट. कॉटखालचा तांब्या रिकामा.

संध्याकाळी कैलास छिन्नी-हातोडा घेऊन आला. चेहरा पडलेला. हे मोरीत बोटानं दाखवत होते, "इथून सुरू कर, कमोडच्या बाजूनं." पंकज नुकताच कंपनीतून आलेला, दारात बसून बूट काढत होता. कैलासनं छिन्नी फरशीवर टेकवली.

"थांब," मी म्हटलं. "पाइप गळत नाही. पाणी घरातलंच माणूस संपवतंय. मी बघितलं आज."

ह्यांनी कंबरेवर हात ठेवले. "कोण?"

आत्या कॉटवरून माझ्याकडे बघत होत्या. पदराच्या कडेनं एक ओली बट बाहेर आली होती, ती त्यांनी हळूच आत सारली. नाव सांगितलं असतं तर ह्यांनी त्याच संध्याकाळी कडी उपटली असती, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

"अगं, कोण ते सांगशील का?" हे ओरडले.

मी तोंड उघडलं, आत्यांनीही उघडलं, आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो,

"पंकज."